टाकीतला पाऊस

मुंबईच्या उपनगरात 200 बारचा दाब रोज डोळ्यांसमोर असतो, फक्त त्याला कुणी त्या नावानं ओळखत नाही. घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या पंपावर रिक्षा सीएनजीच्या रांगेत लागते, प्रवासी खाली उतरून उभे राहतात आणि सीटमागच्या टाकीत गॅस भरला जातो तो साधारण 200 बारनंच. मोटारीच्या चाकात सव्वादोन बार हवा असते. दहा मीटरवर नेम धरणाऱ्या पोराच्या एअर रायफलखाली जो नळीसारखा सिलिंडर असतो, त्यातही 200 बार. फरक इतकाच की रिक्षासाठी पंप आहे. रायफलसाठी मुलुंडच्या एका जुन्या सोसायटीत, तळमजल्याच्या बंद गॅलरीत, एक कॉम्प्रेसर आहे.

त्याचा मालक स्वतः जुना नेमबाज, आता पोरांना शिकवतो. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाऊन घडलेल्या पिढीतला. याच वरळीनं अंजली भागवत घडवल्या, ज्या 2000 साली सिडनीत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. पण मुलुंड किंवा बोरिवलीहून रायफलची लांब बॅग सांभाळत लोकलनं वरळी गाठायची, तीही नुसती हवा भरायला, हे रोजचं जमणारं काम नाही. सिलिंडरमधला दाब एका मर्यादेखाली गेला की छर्ऱ्याचा वेग घटतो आणि नेम खाली उतरतो. एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथं हवेची चूक हाताच्या नावावर जमा होते आणि पोरगं उगाच आपल्या खांद्याला दोष देत बसतं. कॉम्प्रेसर घेतला तो यासाठी.

पूर्वी हे काम हातांनी होई. 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानं जिरांदोनीची हवेवर चालणारी बंदूक वापरात आणली. तिची टाकी भरायला पंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. हातपंप आजही मिळतो. मुलुंडच्या या मालकानं तो दोन वर्षं वापरला. शेवटचे वीस-तीस बार चढवताना पूर्ण अंगाचं वजन दांड्यावर टाकावं लागे आणि त्यानंतर तासभर हात स्थिर राहत नसत. नेमबाजाला हे परवडत नाही.

कॉम्प्रेसर म्हणजे बटण दाबलं की हवा, असं घेणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो उष्णता आणि पाणी सांभाळत बसतो. साधी हवा एका दमात 300 बारपर्यंत दाबली आणि उष्णता बाहेर पडूच दिली नाही, तर ती हजार अंशांच्या वर तापेल. म्हणून दाबायचं टप्प्याटप्प्यानं आणि मध्ये गार करायचं. गॅलरीत कॉम्प्रेसरशेजारी पाण्याची बादली असते, तिच्यात लहानसा पंप, आणि मे महिन्यात वर बर्फाचे खडे. तेल निवडतानाही हीच उष्णता लक्षात ठेवायची. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटतं ते नुसत्या दाबाच्या उष्णतेनं. चुकीचं तेल इथंही पेटू शकतं. सिलिंडरच्या तोंडाला साधं ग्रीस लावायचं नाही, आणि हवेच्या जागी ऑक्सिजन कधीच भरायचा नाही. या दोन गोष्टी तो नवीन पोराला रायफल हातात देण्याआधी सांगतो.

आणि मग पाणी. जुलैत 30 अंशांना, 80 टक्के आर्द्रतेला, मुंबईच्या एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी असतं. रायफलचे सिलिंडर ज्यातून भरायचे ती तीन लिटरची मोठी टाकी 300 बारपर्यंत भरायची म्हणजे जवळजवळ तेवढीच हवा पिळून आत कोंबायची. पाणी कुठं जाणार? वीस-एक ग्रॅम, चहाचे चार चमचे, नळीत, फिल्टरमध्ये आणि काळजी घेतली नाही तर टाकीत. जानेवारीत हाच आकडा साधारण निम्मा होतो.

पहिल्या पावसाळ्यात त्यानं ही काळजी घेतली नाही. ड्रेनचा स्क्रू दर पाच मिनिटांनी सैल करून पाणी उडवायचं असतं. बाहेर धो धो पाऊस, त्याला वाटलं दर वीस मिनिटांनी केलं तरी चालेल. सप्टेंबरात टाकी उघडली तेव्हा तळाशी गंजाचा तांबूस थर होता. ती टाकी त्यानं परत वापरली नाही. आता टाइमर लावलेला असतो, आणि स्क्रू सैल केला की पांढुरक्या फवाऱ्याबरोबर येणारं पाणी तो काचेच्या बरणीत धरतो. ती बरणी पोरांना दाखवायला ठेवलेली आहे. फिल्टरमधले ओल शोषणारे दाणे पावसाळ्यात फार लवकर बदलावे लागतात.

मोठ्या टाकीतून रायफलच्या सिलिंडरमध्ये हवा सोडणं हे कामाचं खरं नाजूक अंग. चावी एक केसभर फिरवायची. घाई केली की सिलिंडर तापतो, काटा 200 दाखवतो आणि गार झाल्यावर पंधरा-वीस बार खाली येतो.

"सर, दोनशे झालं की!"

"थांब. हात लावून बघ. गार होऊ दे, मग परत बघू."

दोनशे मिलिलिटरच्या सिलिंडरमध्ये शंभर बारची भर घालायची तर मोठ्या टाकीतले सहा-सात बार उतरतात. म्हणजे 300 वरून 200 वर येईपर्यंत पंधराएक सिलिंडर. शनिवारची सगळी पोरं त्यात बसतात.

गेल्या जूनमध्ये बोरिवलीची एक मुलगी आली, दुसऱ्या दिवशी वरळीला स्पर्धा. सरांनी सिलिंडर हातात घेतला, उलटा करून कोरलेली तारीख वाचली आणि खाली ठेवला. दहा वर्षांची मुदत महिन्यापूर्वीच संपलेली. स्पर्धेच्या नियमानुसार मुदतीतला सिलिंडर वापरणं ही नेमबाजाची स्वतःची जबाबदारी असते, पण सरांना नियमाची आठवण करून द्यावी लागत नाही. शेजारच्या खोलीत लोक राहतात. मुलीचे वडील म्हणाले, "एकदाच भरा ना सर, उद्यापुरतं." सरांनी नकारार्थी मान हलवली. कपाटातून स्वतःचा, त्याच बनावटीचा सिलिंडर काढला, ओ-रिंगवर बोट फिरवून पाहिलं आणि चावी केसभर उघडली. बाहेर पाऊस लागला होता. भरायला बराच वेळ लागला.