मागल्या वर्षाचं उत्पन्न

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस ह्यांची ठाण्यातली नोकरी गेली. कंपनीने अख्खा विभागच बंद केला होता. भाड्याचं घर सोडून आम्ही वैभववाडीला, करूळ घाटाच्या पायथ्याशी, सासरच्या घरी आलो. पगार थांबला की नवरेमंडळी फोन लावत बसतात आणि कागदांची पिशवी बायको उघडते. आमच्याकडे तरी तसंच झालं.

पगार महिना ९० हजार. कंपनी एप्रिलमध्येच वर्षाचे १० लाख ८० हजार धरून कराचा हिशेब मांडते आणि दर महिन्याला त्याचा बारावा हिस्सा कापते. आमचे साधारण ४,४०० रुपये जात. पण पगार आला आठच महिने, म्हणजे ७ लाख २० हजार. त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरले ६ लाख ४५ हजार, आणि त्या वर्षी नव्या करप्रणालीत ७ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्याला कर शून्य होता. म्हणजे कापलेले ३५ हजार आमचेच. पण ते आपल्या पायांनी घरी येत नाहीत, विवरणपत्र भरून मागावे लागतात.

"सरकारान एकदा कापलेले पैसे परत गावतत काय गो?" सासूबाईंनी विचारलं. काजूच्या बिया वाळत घालता घालता त्यांचा कान माझ्याकडेच होता.

आधी २६एएस पाहिलं. कंपनीने कापलेला कर आपल्या पॅनवर खरंच जमा झाला का, हे तिथे कळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरची रक्कम नव्हती. कंपनीतल्या हिशेबाच्या माणसामागे फोन करकरून ती चढवून घेतली. मग दुसरी अडचण. विवरणपत्र भरल्यावर त्याची पडताळणी आधारच्या ओटीपीने करतात, आणि ह्यांच्या आधारला जोडलेलं सिम कंपनीचं होतं. ते फोनबरोबर परत गेलेलं. सुदैवाने पोचपावतीवर सही करून ती ३० दिवसांच्या आत बेंगळुरूला टपालाने पाठवायची सोय अजून आहे. पोस्टात जायचं म्हटल्यावर सासूबाईंचा त्या सगळ्या प्रकारावर पहिल्यांदा विश्वास बसला.

त्या वर्षी विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवलेली होती. आम्हाला मात्र जुलैतच भरावं लागलं, कारण लेक. तिचा इंजिनिअरिंगचा प्रवेश २०२५ चा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला शासनाच्या प्रवेशफेरीतून जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, राज्य सरकारने २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि नोकरदाराचं उत्पन्न दाखवायला फॉर्म १६ आणि विवरणपत्र.

प्राप्तिकर खात्याला कुटुंब दिसतच नाही, त्याला एक पॅन दिसतो. खाणारी तोंडं किती, हे तिथे कोणी विचारत नाही. तहसील कचेरीला उलट सगळं घर दिसतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, पण दाखल्यात ते धरतात. तलाठ्यांनी सातबारा पाहून काजूचे ४० हजार मांडले. ७ लाख ६० हजार. बसलो एकदाचे. पण नोकरी चार महिने उशिरा, मार्चअखेर गेली असती तर? प्रवेशाच्या वेळी हातात काही नसतं, तरी दाखला मागल्या वर्षाचा, पूर्ण पगाराचा, आणि माफी नाही. उत्पन्न आज पडतं आणि सरकारला ते पुढल्या वर्षी दिसतं. माझी आतेबहीण मेलबर्नला असते. तिथे मुलांसाठीचा भत्ता मिळणाऱ्याने मिळकत घटली की नवा अंदाज लगेच कळवायचा, रक्कम तेव्हाच बदलते, आणि वर्ष संपल्यावर ताळा होतो. अंदाज चुकून जास्त पैसे आले तर परत करावे लागतात म्हणून ती कुरकुरते. मला ती कुरकूर आवडली असती.

ग्रॅच्युइटी आणि पीएफ आल्यावर ते ह्यांच्या नावे बँकेत ठेवले. व्याज वर्षाला ५० हजारांवर गेलं की बँक १० टक्के कापून घेते, कर लागो न लागो. २०२५-२६ मध्ये दुसरी कमाई नसल्यामुळे १५जी फॉर्म भरून ते थांबवता आलं. असा फॉर्म दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावा लागतो. बँकेतलं कोणी आठवण करत नाही.

परतावा खात्यात आला. लेकीची फी माफ, पण माफीत वसतिगृह आणि मेस येत नाही. वसतिगृहाची अनामत आणि मेसचे आगाऊ पैसे भरताना ३५ हजार पुरले नाहीत, वरचे काजूतून घातले.