गाव उठेपर्यंत

जानेवारीत कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदाच नवी मुंबई विमानतळावरून गेलो. विमान धावपट्टीकडे वळलं तेव्हा आजूबाजूचे लोक रील काढत होते. विमानतळ सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, सगळ्यांनाच अप्रूप. मी मात्र खिडकीतून खाली बघत एक स्लॅब शोधत होतो. सापडणार नाही हे माहीत असून.

तो स्लॅब माझ्या वडिलांनी टाकला होता. एकदा नाही, दोनदा.

आप्पा पनवेलचे छोटे ठेकेदार. बिल्डर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पांढरी गाडी आणि हायवेवरचं होर्डिंग येतं. आप्पांकडे एक एम-एटी होती, एक मिक्सर, सेंट्रिंगच्या प्लेटा आणि पंधरा-वीस माणसं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘बिझनेस’ लिहायचो. ते ‘गवंडी’ लिही म्हणायचे.

आजोबा १९७२च्या दुष्काळात माण तालुक्यातून इकडे आले. दोनच वर्षांपूर्वी सिडको स्थापन झाली होती. ठाणे-रायगडातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर उभं राहणार होतं आणि शहराला हात हवे होते. आजोबा बिगारी म्हणून लागले. आप्पा सोळाव्या वर्षी घमेलं उचलायला गेले, मग थापी हातात आली, मग ओळंबा आणि गुनिया, आणि लग्नानंतर स्वतःची कामं.

ही कामं म्हणजे टॉवर नव्हेत. शेतं शहरात गेली, पण गावांतली कुटुंबं वाढतच होती. मोबदल्यासाठी लोक दि. बा. पाटलांच्या मागे रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यातल्या त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली, पण प्लॉट हातात पडेपर्यंत पोरांची लग्नं थांबत नाहीत. लोकांनी जुन्या घरावर मजला चढवला, परसात दोन खोल्या काढल्या. सरकारी भाषेत याला ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. आप्पांचं निम्मं आयुष्य असली घरं बांधण्यात गेलं.

२०१२ची गोष्ट. मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होतो. कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं होतं. आप्पांचं काम तेव्हा विमानतळासाठी जाणार असलेल्या दहा गावांपैकी एका गावात चालू होतं. आधीच्या घरावर एक मजला. सून गरोदर होती. घरातल्या काकूंनी स्लॅबमध्ये पाळण्यासाठी कडी सोडायला सांगितली होती.

स्लॅबच्या दिवशी मीही गेलो होतो. काकूंनी नारळ फोडला, मिक्सर सुरू झाला, घमेली वर चढू लागली. दुपारी व्हायब्रेटर बंद पडला. दुसरा येईपर्यंत माणसं सळईने माल ठोसत राहिली. संध्याकाळी सगळं नीट दिसत होतं. दुसऱ्या दिवशी वर आळी करून पाणी भरलं. आप्पा रोज सकाळी सहाला फक्त पाणी बघायला जायचे. ओला स्लॅब आणि तान्हं मूल, दोन्ही एकटं सोडायचं नाही, म्हणायचे.

दोन आठवड्यांनी प्लेटा काढल्या. एका बीमला खालून मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं, मधून सळई दिसत होती. मिस्त्री म्हणाला, प्लास्टर मारून टाकू, कळणारही नाही. आप्पांनी हातोडी मारली. आवाज बद्द आला. आणखी चार ठिकाणी मारली. मग खाली बसले आणि पाणी मागितलं.

बीम आणि त्याच्यावरचा अर्धा स्लॅब त्यांनी फोडला. खर्च स्वतःचा. पाऊस डोक्यावर आलेला, म्हणून जास्त माणसं लावली, रात्री हॅलोजन लावून काम केलं. त्यात माझा कॉम्प्युटर गेला. आईची पाटलीही गहाण पडली, हे मला फार नंतर कळलं.

त्या रात्री ते जेवत होते. सिमेंटने बोटं चिरलेली असली की रस्सा झोंबतो, म्हणून अशा दिवसांत ते चमच्याने दहीभात खायचे. मी रागात म्हणालो, “ते गाव तर उठणारच आहे. विमानतळ येतोय. कशाला फोडायचा?”

ते चमचा थांबवून म्हणाले, “उठेल तेव्हा उठेल. तोवर राहणार आहेत ना रे ते खाली.”

मी महिनाभर त्यांच्याशी धड बोललो नाही.

पुढच्या काही वर्षांत गाव खरंच उठलं. उलव्याची सुमारे ९० मीटरची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला. लोकांनी दारं, खिडक्या, पत्रे काढून नेले. काकूंनी जुन्या स्लॅबमधली ती कडी कापून घेतली. नव्या प्लॉटवरचं घर आप्पांनीच बांधलं. तिथे हीच कडी बसवा, असा काकूंचा हट्ट. आप्पांनी ती हातात फिरवून बघितली आणि परत दिली. “गंज धरलाय. नवी वाकवतो.”

२०२३मध्ये आप्पा गेले. तेराव्याला काकू आल्या होत्या. सोबत नातू, त्याच पाळण्यातला, आता दहा वर्षांचा. मला म्हणाल्या, “आमचं घर पाडताना मशीनवाला वैतागला होता. बाकी घरं पडली, पण तुमच्या बापाचा तो तुकडा काही केल्या पडेना.” त्या हसत होत्या. मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही. त्या स्लॅबवरून मी जे बोललो, त्याची माफी मागायची राहूनच गेली होती.

ऐरोलीतल्या माझ्या ऑफिसात सध्या मी एका जुन्या सिस्टिमवर काम करतो. काही महिन्यांत ती बंद होणार आहे. मध्यंतरी तिच्यात एक बग सापडला. हजारात एखाद्याच माणसाचा हिशोब चुकत होता. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, बंदच होणार आहे, सोडून दे. मी हो म्हणालो, आणि रात्री दोनपर्यंत बसून तो दुरुस्त केला. सकाळी सगळ्यांनी विचारलं, कशाला? मी म्हटलं, तोवर लोक वापरणार आहेत ना.

विमानाने वेग घेतला. चाकांखालून एकसारखी, सपाट धावपट्टी सरकत होती. कुणीतरी हिलाही रोज पाणी घातलं असेल, सकाळी सहाला येऊन.