दगडाची जात

आमच्या कराडकडे दगड म्हणजे काळा. नदीचा घाट त्याचा, वाड्यांची जोती त्याची, घरातले जातेही त्याचेच. वडील गवंडी. त्यांच्या तळहाताच्या रेषांत त्या दगडाची भुकटी कायमची जाऊन बसली होती. त्या घरातून मी वास्तुकला शिकायला बंगळुरूस गेलो, आणि तिथे भेटला तो करडा, कणीदार ग्रॅनाइट.

लालबागेत येणारी गर्दी काचघराकडे वळते. मी मात्र तिथल्या उघड्या खडकाच्या पाठीवर जाऊन बसत असे. त्या खडकाचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे सांगतात. आमचा सह्याद्रीचा पाषाण त्याच्यापुढे तान्हाच म्हणायचा, साडेसहा कोटी वर्षांचा! खडकावर केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा लहानसा बुरूज आहे. त्याने वसवलेले हे शहर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराच्या देवळाशी व्यंकोजीराजांचे नाव जोडले जाते. मराठी माणसाला ओळखीची खूण हवी असेल तर ती अशी जागोजाग सापडते. मला मात्र पायाखालचा खडक अधिक जवळचा वाटे. जुन्या वस्त्यांतून हिंडताना घरांची कुंपणे उभ्या शिळांची दिसत. कन्नडमध्ये अशा शिळांना चप्पडी म्हणतात. १९५१ ते १९५६ या काळात बांधलेल्या विधानसौधाने याच ग्रॅनाइटला राजवस्त्रे नेसवली. ती भव्यता मला मान्य आहे, पण तिच्यापुढे उभे राहिले की आपण अर्ज घेऊन आलो आहोत असे वाटत राहते.

तिसऱ्या वर्षी वडिलांचे गुडघे गेले आणि घरची आवक थांबली. शिक्षण अर्धवट सोडून एखाद्या कार्यालयात नकाशे काढण्याची नोकरी धरावी, असे मी जवळजवळ ठरवले होते. नकाशे कसले, तर काचेच्या भिंतींचे. शहराच्या नव्या भागात तशा इमारती उगवत होत्या. ऊन काचेतून आत घ्यायचे आणि मग विजेने खोली गार करायची, असा सगळा खटाटोप.

त्याच सुमारास, २०१५ साली, शहरात एक गंमत घडली. रस्त्यावरच्या एका मोठ्या, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चित्रकार बादल नंजुंडस्वामी यांनी मगरीची प्रतिकृती आणून सोडली. लोक हसले, आणि पालिकेला तो खड्डा बुजवावा लागला. कलादालनात इतका सरळ परिणाम साधलेली कलाकृती मी पाहिली नव्हती. मला भावली ती तिच्यामागची दृष्टी: जागेने जे दिले, मग तो खड्डा का असेना, तेच साहित्य मानून कामाला लागायचे.

नोकरीचे कळल्यावर वडील बंगळुरूला आले. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी परवानगी काढून मी त्यांना बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत नेले. बाळकृष्ण दोशी यांनी १९७७ पासून घडवलेली ही वास्तू. दोशी पुण्यात जन्मले, लाकूडकाम करणाऱ्या घरात वाढले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले आणि पुढे पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली राहिले. पुढे २०१८ मध्ये त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले, २०२३ मध्ये ते गेले. फत्तेपूर सिक्रीचे चौक आणि पडव्या मनात ठेवून त्यांनी ही रचना केली. दर्शनी बाजू म्हणावी अशी तिला जवळजवळ नाहीच. माणूस चालू लागला की ती उलगडते: लांबच लांब पडवी, मध्येच डोक्यावर नुसत्या तुळया, त्यांवर वेली, आणि जमिनीवर सरकणारे उन्हाचे पट्टे. भिंती करड्या, अनघड ग्रॅनाइटच्या.

वडील एका भिंतीपाशी थांबले. चष्मा काढून त्यांनी दगडावर तळहात ठेवला, दरजांवरून अंगठा फिरवला. गुडघे धरून खाली वाकले, तळाचा थर पाहिला.

"ह्यो घडवलेला न्हाई," ते म्हणाले, "फोडल्याला हाय. तरी वळंब्यात बसलाय."

"तसाच ठेवलाय, आबा. मुद्दाम."

"कुणी ठेवला?"

मी दोशींचे नाव सांगितले. त्यांनी मान हलवली.

"त्यांनी सांगितलं आसंल. ठेवला कुणी?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. माझ्या वहीत त्या वास्तूचे उभे-आडवे छेद होते, उन्हाचे कोन होते. ज्यांनी ते चिरे उचलून बसवले त्यांच्यापैकी एकाचेही नाव कुठे नव्हते.

सावलीतल्या पायरीवर आम्ही बराच वेळ बसलो. वडिलांनी डबा सोडला, मला भाकरीचा तुकडा दिला आणि माझी वही मागून घेतली. पानन्‌पान उलटून पाहिले. एका छेदावर बोट ठेवून म्हणाले, "हितं पाणी मुरंल." मी पाहिले, मुरले असते. मी पेन्सिल काढून तिथे उतार दिला.

"आजून किती वर्षं हायती?"

"दोन."

"फी किती?"

मी आकडा सांगितला. ते बोटांवर काहीतरी मोजू लागले, आणि मोजता मोजता पुन्हा त्या भिंतीकडेच पाहू लागले.