बूस्ट किती, आणि कुठून मोजलेलं?

खजराना गणपतीला नवी गाडी पूजेला आणायची इंदूरकरांची जुनी रीत. त्याच भागात आम्ही डिझेल इंजिनांचं काम करतो. टर्बोवाल्या गाडीचा मालक आला की त्याचा प्रश्न ठरलेला: "भैया, बूस्ट कितना दे रही है?" मी उलट विचारतो, आकडा पाहिला कुठे, गेजवर की स्कॅनरवर? कारण दोन्हींचं शून्य वेगळं असतं.

गेजचं शून्य म्हणजे आपल्या भोवतालची हवा. टर्बोने तिच्यावर जेवढा दाब वाढवला, म्हणजे बूस्ट, तेवढाच गेज दाखवतो. स्कॅनर मात्र इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा आकडा दाखवतो आणि त्या सेन्सरचं शून्य म्हणजे संपूर्ण निर्वात. भोवतालची हवा त्यात धरलेलीच असते. समजा स्कॅनरवर २१० किलोपास्कल आले. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, इथल्या हवेचा दाब ९५ च्या आसपास. तो वजा केला की उरले ११५, म्हणजे १.१५ बार. त्याला १४.५ ने गुणलं की १६.७ पीएसआय, म्हणजे बोलीभाषेत पौंड. मुंबईचे १०१ वजा केलेत तर १५.८ येतील, जवळजवळ एका पौंडाचा फरक. आणि ज्याने काहीच वजा केलं नाही, तो तीस पौंड बूस्ट समजून घाबरतो. कुणी दाब किलोत (दर चौरस सेंटीमीटरला) सांगतो; एक किलोचा दाब म्हणजे ०.९८ बार, तिथे दोन टक्क्यांचा फरक पडतो, त्याची चिंता करू नये. घोळ होतो तो शून्यामुळेच.

भोवतालच्या हवेला एवढं महत्त्व का, ते १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी दाखवून दिलं. त्यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, चौदा हजार फुटांवर नेलं. खाली सुमारे ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर विरळ हवेत २३० वर आलं, आणि टर्बो लावताच पुन्हा ३५० च्या पुढे गेलं. आजच्या गाडीचा कॉम्प्युटरही तेच साधू पाहतो. त्याला २१० हवे असतील, तर मुंबईत टर्बोला हवा २.०८ पट दाबावी लागते, इंदुरात २.२१ पट, आणि लेहला, जिथे हवेचा दाब जेमतेम ६५, तिथे ३.२ पट. त्यासाठी लागणाऱ्या वेगाने फिरवलं तर टर्बो टिकणार नाही, म्हणून कॉम्प्युटर तिथे मागणीच कमी करतो.

मोजणी नेहमी चावी चालू, इंजिन बंद अशी सुरू करावी. या वेळी मॅप सेन्सरने इंदूरची हवा, म्हणजे ९५ च्या जवळचा आकडा, दाखवलाच पाहिजे. ८५ दिसले तर आधी सेन्सर आणि त्याची वायर बघायची. टर्बोला हात लावायचा नाही. नंतर रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये, पॅडल पूर्ण दाबून, १५०० ते ३००० आरपीएम. उभ्या गाडीत रेस देऊन बघणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, लोड नाही तर एक्झॉस्टमध्ये जोर नाही, आणि जोर नाही तर टर्बो काय दाखवणार?

मध्यंतरी बटाटा वाहणारा एक पिकअप आला. मानपूरच्या घाटात चढ लागला की काळा धूर, ओढ गायब. कुणीतरी टर्बो बदलायला सांगितलं होतं. चावीवर ९५, म्हणजे सेन्सर ठीक. रस्त्यावर कॉम्प्युटर मागतोय २१०, मिळतायत १५०. एवढा दाब जातो कुठे? टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा खालचा पाइप चाचपला. क्लॅम्पच्या कडेला तेलात भिजलेल्या धुळीची एक बारीक काळी रेघ होती. पाइप वाकवला तशी त्याच रेघेवर चीर उघडली. आयडलला ती मिटलेली असायची, दाब आला की फाकायची. नवा पाइप घातला, पुन्हा तोच रस्ता, तोच गिअर: २०८. टर्बो जुनाच ठेवला.