हातातल्या रक्तात मेंदूची खबर!

सध्या मी भेटेल त्याला पकडून एकच गोष्ट सांगतोय. डोक्याला मार लागला, की मेंदूतली काही प्रथिनं रक्तात उतरतात आणि ती हातातून काढलेल्या रक्तात मोजता येतात. हातातून! कवटी बंद, आतलं काही दिसत नाही आणि खबर कोपरापर्यंत पोचलेली! बायको म्हणते, "अहो, निदान जेवताना तरी पुरे." पण राहवत नाही.

निमित्त भाच्याचं. स्कूटर घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंना सहज विचारलं, "टेंगूळ आलेल्या प्रत्येकाचा स्कॅन करावाच लागतो का हो?" त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे बॉलपेनने चांदणीसारखी एक पेशी काढली, तिच्या फाट्यांतून रेघा ओढल्या आणि खाली लिहिलं : जीएफएपी.

ही पेशी म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट, मेंदूतल्या चेतापेशींची राखण करणारी. जीएफएपी हा तिचा आतला सांगाडा. भिंत कोसळली की आतल्या सळया रस्त्यावर येतात ना, तसं पेशी फुटली की हे प्रथिन रक्तात येतं. त्याच्या जोडीला यूसीएच-एल१, ते चेतापेशींमधलं.

घरी येऊन वाचत सुटलो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जीएफएपीची मर्यादा ठेवली होती मिलिलिटरमागे २२ पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! अमेरिका आणि युरोपातले १,९५९ रुग्ण. त्यांतल्या ६७१ जणांची रक्तचाचणी निगेटिव्ह आली आणि त्यांपैकी फक्त तिघांच्या स्कॅनमध्ये इजा सापडली. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांच्या स्कॅनमध्ये मात्र काहीच नव्हतं. म्हणजे या चाचणीच्या 'हो'वर फार विसंबू नये, तिचा 'नाही' मात्र लाखमोलाचा! स्कॅनसाठी जिल्ह्याच्या गावी गाडी करून न्यावं लागतं, तिथे या 'नाही'ची किंमत काय असेल, विचार करा. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने हातात मावणाऱ्या यंत्रावरच्या चाचणीला मंजुरी दिली. सौम्य मार लागलेल्या प्रौढांसाठी, चोवीस तासांच्या आत. निकाल पंधरा मिनिटांत.

आणि थांबा, पुढचं ऐका. अर्धांगाच्या झटक्यात रक्तवाहिनी तुंबली की फुटली, हे आधी कळावं लागतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्राव असलेल्याला दिलं तर जीवावर बेतेल. रक्तस्रावात पेशी लगेच फुटतात, म्हणून जीएफएपी पहिल्या काही तासांतच चढतं. गुठळीत ते सावकाश वाढतं. हा फरक अ‍ॅम्ब्युलन्समध्येच ओळखता येईल का, यावर संशोधक झटताहेत. आज तरी स्कॅनला पर्याय नाही.

जनुकांचं प्रकरण तर याहून भन्नाट. १९९७ साली ग्लासगोच्या डॉक्टरांना दिसलं, की डोक्याला मार लागलेल्यांपैकी एपीओई जनुकाचा ई४ प्रकार असलेल्या ३० जणांत १७ जणांची अवस्था सहा महिन्यांनीही वाईट होती. तो नसलेल्या ५९ जणांत १६ जणांची. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत इतका ठसठशीत फरक आला नाही, तरी मला हे वाचून झोप लागली नाही.

मग आइसलँड सापडलं. तिथल्या काही घराण्यांत सिस्टॅटिन सी या प्रथिनाच्या जनुकात एकच बदल आहे. त्यामुळे ऐन तारुण्यात मेंदूत रक्तस्राव होतो. संशोधकांनी जुन्या वंशावळी धुंडाळल्या. १८२५च्या सुमारास जन्मलेले या बदलाचे वाहक सरासरी पासष्टीपर्यंत जगत होते. १९००च्या सुमारास जन्मलेल्यांची सरासरी तिशीवर आली! जनुक तेच, बदल तोच. मग मधल्या पाऊणशे वर्षांत बदललं काय? संशोधकांचा संशय राहणीमानावर आहे, त्यातही खाण्यापिण्यावर. मी आता एकोणिसाव्या शतकातले आइसलँडचे लोक काय जेवायचे, ते शोधत बसलोय.