घर सोडणारे, घरात राहणारे

मँचेस्टर युनायटेड हरला की आम्हा दूरच्या चाहत्यांनाही जेवण गोड लागत नाही. तिथल्यांची काय कथा! २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला आणि खरेदीच्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच माथी मारला. काही चाहते उठले, त्याच वर्षी त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर उभा केला. तिथे एका सभासदाला एक मत. बाकीचे राहिले, २०१० मध्ये जुन्या न्यूटन हीथचे हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घालून स्टेडियममध्येच निषेध करू लागले. मित्रामित्रांत वाद पेटले. आम्हाला दोघेही इमानी वाटतात. गेला त्याने पैसा अडवला, राहिला त्याने मैदान सोडले नाही. भांडण मालकाशी होते. ते आपसांत लागले की फावते मालकाचेच. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ भागीदार झाले, तरी मोठा हिस्सा ग्लेझरांकडेच राहिला.