व्लीचा धबधबा आणि डोंगरावरची रेघ

अक्रा, टेमा मागे टाकलं की तासभर नुसता गवताळ माळ. बघण्यासारखं काही नाही. अटिंपोकूला व्होल्टा नदी आडवी येते, तेव्हा कुठे मागच्या सीटवरची मुलं मोबाइलमधून डोकं वर काढतात. इथल्या अडोमी पुलाची लोखंडी कमान एका झेपेत नदी पार करते. १९५७ च्या जानेवारीत, घाना स्वतंत्र होण्याच्या जेमतेम दीड महिना आधी, हा पूल खुला झाला. तोवर सगळी भिस्त सेंचीच्या तरीवर.

आता इथे गाड्या थांबतात त्या खाण्यासाठी. डोक्यावर घमेली तोललेल्या बायका खिडकीला वेढा घालतात. पानात वाफवलेला, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा गोडसर अबोलो आणि सोबत कुरकुरीत तळलेली इवलीशी मासळी. तिला सगळे 'वन मॅन थाउजंड' म्हणतात. आमच्या सासूबाई कुडाळच्या. त्यांनी पान सोडवलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "पातोळेच गो! हळदीच्या पानाचा वास नाही एवढंच." मासळीच्या बाबतीत मात्र त्यांना आग्रह करावा लागला नाही.

पूल ओलांडून उत्तरेकडे निघालं की डोंगर दिसू लागतात. हीच रांग पुढे टोगोतून बेनिनपर्यंत जाते. थोड्या वेळाने आपण नकळत एक जुनी सरहद्द ओलांडतो. तिची पाटी कुठेच नाही. १८८४ मध्ये गुस्ताव नाख्टिगालने किनाऱ्यावर करार केला आणि टोगोलँड जर्मनांचं झालं. १९१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी ते महिन्याच्या आत जिंकलं आणि मग वाटून घेतलं. पश्चिमेची पट्टी इंग्रजांना, बाकीचा मोठा तुकडा फ्रेंचांना. वाटणीची रेघ एवे लोकांच्या मुलखातून गेली. आम्हाला एकत्र राहू द्या, अशा अर्जांचा पाऊस एवे पुढाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे पाडला. अखेर मे १९५६ मध्ये इंग्रजांच्या पट्टीत सार्वमत झालं. सुमारे ५८ टक्के मतं गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, सामील होण्याच्या बाजूने पडली. पण दक्षिणेकडच्या एवे भागातला कौल उलटा होता. मोजणी सगळ्या पट्टीची एकत्र झाली आणि हा मुलूख घानात आला.

होहोएहून व्ली जवळच आहे. गावात शिरताच समोर हिरवा कडा आणि त्यावर पांढरी धार. कचेरीत पैसे भरले, वाटाड्या मिळाला आणि आम्ही निघालो. खालच्या धबधब्यापर्यंतची वाट सपाट आहे, पाऊण तासाची. अगुमात्सा ओढा वळणं घेत पुन्हा पुन्हा आडवा येतो आणि दर वेळी त्यावर एक छोटा पूल. धाकटीने पुलांची मोजदाद सुरू केली आणि कोको दिसल्यावर सोडून दिली. कोकोची फळं फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडाला लटकतात, कुणी चिकटवल्यासारखी. वाटाड्याने त्या बागवाल्याला हाक मारून विचारलं आणि एक पिवळं फळ फोडून दिलं. आत पांढऱ्या बुळबुळीत गरात बिया. गर आंबटगोड. बी चावली की जांभळट आणि कडूजहर. चॉकलेटचा मागमूस नाही. तेटे क्वार्शी नावाच्या लोहाराने १८७९ च्या सुमारास फर्नांडो पो बेटावरून आणलेल्या बियांपासून इथली कोकोची शेती वाढली, असं घानात शाळकरी पोरंही सांगतात.

धबधब्याचा आवाज आधी येतो, मग गार तुषार. कुंडाशी उभं राहिल्यावर बोलणं ऐकू येत नाही. दोन्ही बाजूंच्या कातळावर काळे डाग दिसतात. एखादा डाग हलतो, तेव्हा कळतं की ती फळं खाणारी वटवाघळं आहेत, हजारोंनी लटकलेली. पश्चिम आफ्रिकेतला सर्वांत उंच धबधबा, अशी याची जाहिरात करतात. मला त्या शर्यतीत रस नाही. कुंडात कंबरभर पाण्यात उभी असलेली मुलं बाहेर यायला तयार नव्हती, हा पुरावा पुरेसा आहे.

वरच्या धबधब्याची वाट वेगळीच चीज. खडी, मुळांनी भरलेली, ओली असली तर घसरडी. सासूबाई कुंडाशी थांबल्या, हे शहाणपणाचंच. वाटेत एका उघड्या खांद्यावर वाटाड्याने पूर्वेचे डोंगर दाखवले. "तो टोगो." इकडे जंगल, तिकडे जंगल, मध्ये काही नाही. इकडची पोरं शाळेत इंग्रजी शिकतात, तिकडची फ्रेंच. घरी दोघांची भाषा एवेच. १९६० मध्ये पलीकडचा भाग टोगो म्हणून स्वतंत्र झाला आणि वाटणीची रेघ दोन देशांची सरहद्द झाली. हा विषय अजून मिटलेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये वेगळ्या पश्चिम टोगोलँडची मागणी करणाऱ्यांनी याच व्होल्टा भागात रस्ते अडवले होते.

व्लीला जायचं तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात जा. धार तेव्हा भरलेली असते. अक्राहून एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नका, रस्त्यातच दिवस संपेल. मुक्काम करा आणि वरची वाट दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर धरा. पासपोर्ट, व्हिसा नसेल तर गावातून टोगोकडे जाणाऱ्या रस्त्यावर मात्र फार पुढे जाऊ नका. चौकी जवळच आहे.